मेंढपाळाची विचारपूस कोण करणार?

लग्नाच्या मांडवात, मयताच्या घरी किंवा सणाच्या जेवणावळीत एक वाक्य आमच्या कानावर वारंवार पडते: "फादरांना काय कमी आहे? ना बायको, ना पोरे, ना घराचे हप्ते. राहायला जागा आहे, रांधायला आचारी आहे, वर गावात मान आहे!" बोलणाऱ्याच्या मनात कपट नसते. आम्हीही हसून वेळ मारून नेतो. पाव शतकाहून अधिक काळ आम्ही ती अशीच मारून नेली. आज मात्र त्या वाक्याला उत्तर देण्याचे आम्ही ठरविले आहे. कारण वरकरणी निरुपद्रवी वाटणाऱ्या त्या थट्टेत एक समजूत दडलेली आहे आणि ती समजूत आपल्या ख्रिस्तसभेचे नुकसान करीत आहे. ती समजूत अशी की, गुरुदीक्षेच्या दिवशी बिशपांनी मस्तकावर हात ठेवले की माणूस कायमचा पूर्ण होतो. त्यानंतर त्याला थकवा येत नाही, त्याने नवे काही शिकण्याची गरज उरत नाही आणि त्याला कुणाची सोबत लागत नाही.

धर्मगुरूचा सत्कार करण्यात आपला समाज मुळीच कमी पडत नाही. नाताळात केक येतो, वाढदिवसाला पुष्पगुच्छ येतात, रौप्यमहोत्सवाला शाल, श्रीफळ, मानपत्र आणि जाहिरातींनी भरलेली स्मरणिका निघते. या प्रेमाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु सत्कार वर्षातून एकदा होतो आणि थकवा रोज येतो. सत्कार आसनाचा होतो. त्या आसनावर बसलेल्या माणसाची विचारपूस मात्र राहून जाते.

हा प्रश्न धर्मगुरूंच्या सुखसोयींचा असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. वसईकराला बावखलाची गोष्ट सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोड्या पाण्यावर आपल्या केळीच्या आणि पानवेलीच्या बागा पोसल्या गेल्या, त्या बावखलातून नुसते पाणी उपसले आणि त्यातला गाळ कधी काढलाच नाही, तर एक दिवस रहाट फिरतो पण पाणी वर येत नाही. तोटा बावखलाचा होत नाही, बागायतीचा होतो. धर्मगुरू आतून आटला तर प्रवचन कोरडे पडते, कुमसारात बसलेल्या माणसाचे कान बंद होतात, आजाऱ्याच्या उशाशी म्हटलेली प्रार्थना ओठांवरच राहते. त्याची किंमत आपण मोजता, आपली मुले मोजतात.

पौलाचे मागणे

रोममधील बंदिवासातून संत पौलाने तिमथीला लिहिलेले दुसरे पत्र उघडून पाहा. परंपरेने ते त्याचे अखेरचे पत्र मानले जाते. समोर मरण दिसत असताना हा महान प्रेषित काय मागतो? त्रोवस येथे कार्पाच्या घरी राहिलेला आपला झगा घेऊन यावा, असे तो सांगतो. त्याबरोबर ग्रंथ आणावेत, विशेषतः चर्मपत्रे विसरू नयेत, असेही सांगतो. आपल्यापाशी एकटा लूकच उरला आहे, हे तो लपवीत नाही, आणि तिमथीने हिवाळा लागण्याआधी येऊन भेटावे म्हणून त्याची आर्जवे करतो.

झगा, ग्रंथ आणि सोबती! ज्याने तिसऱ्या स्वर्गापर्यंतच्या दर्शनाची साक्ष दिली, ज्याने कोडे खाल्ले, समुद्रात रात्र काढली, त्यालाही थंडी वाजत होती, वाचनाची भूक होती आणि माणूस हवा होता. हे मागताना त्याला संकोच वाटला नाही. पौलाला जे कमी होते ते फादरांना कमी नाही, असे आम्हाला कुणी पटवून देईल काय?

झगा

झगा म्हणजे शरीराची निगा. धर्मग्रामातील एक सर्वसाधारण दिवस पाहा. पहाटेची मिस्सा, मग घरोघरच्या आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद. त्यानंतर कार्यालयात रांग लागलेली असते. कुणाला परदेशी जाण्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा आहे, कुणाला मुलाच्या शाळाप्रवेशासाठी चिठ्ठी हवी आहे, कुणाचा सख्ख्या भावाशी वाटणीवरून तंटा झाला आहे. दुपारी गळक्या छपराचा कंत्राटदार येतो. संध्याकाळी दफनविधी, मग लग्न ठरलेल्या जोडप्याची भेट, त्यापाठोपाठ लहान ख्रिस्ती समूहाची सभा, आणि रात्री साडेदहाला सणाच्या मांडवाला कापड कोणत्या रंगाचे लावावे यावर चर्चा. ती संपली की मोबाइल वाजू लागतो.

आजाऱ्याच्या उशाशी मध्यरात्री धावून जाणे हे आमचे भाग्य आहे. त्याबद्दल आम्ही कधी कुरकुर केली नाही आणि करणारही नाही. कुरकुर आहे ती याबद्दल की, मरणासन्न माणसाचा अखेरचा संस्कार आणि मांडवाच्या कापडाचा रंग ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या दाराशी सारख्याच तातडीने येऊन उभी राहतात.

निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे न्यायनिवाडे करीत बसलेला दिसतो. त्याचा सासरा इथ्रो ते पाहतो आणि त्याला स्पष्ट बजावतो की, हे चांगले नव्हे. तूही झिजशील आणि तुझ्याबरोबरची ही माणसेही झिजतील. मग तो भरवशाची माणसे निवडून त्यांच्यावर काम सोपविण्याचा सल्ला देतो. इथ्रो हा मिद्यानी याजक होता. बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांना जे दिसले ते इस्राएलातील कुणालाच दिसले नव्हते, कारण रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपापल्या तंट्याचीच घाई होती. एलिया संदेष्ट्याचेही पाहा. रानातल्या झुडपाखाली बसून तो मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला आधी रागे भरले नाही. आधी झोप दिली, भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोप दिली. मगच होरेबच्या वाटेला लावले. आणि प्रेषित पहिल्या धर्मकार्यावरून परतले, तेव्हा प्रभूने त्यांच्याकडे कामाचा अहवाल मागत बसण्याऐवजी त्यांना एकांती घेऊन थोडी विश्रांती घ्यायला सांगितले, असे मार्ककृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय सांगतो.

ख्रिस्तसभेचा कायदाही याहून वेगळे बोलत नाही. १९८३ साली लागू झालेल्या कॅनन कायद्याच्या ५३३ व्या कलमानुसार प्रमुख धर्मगुरूला वर्षातून एक महिन्यापर्यंत सुट्टी घेता येते आणि वार्षिक तपसाधनेचे दिवस त्यात धरले जात नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मगुरूंच्या जीवनावर जो हुकूमनामा काढला, त्यातही धर्मगुरूंना दरवर्षी पुरेशी सुट्टी मिळावी असे म्हटले आहे. तथापि आपल्याकडे धर्मगुरू चार दिवस दिसला नाही की कुजबुज सुरू होते: "फादर पुन्हा फिरायला गेले वाटते!"

येथे कुणी आर्सच्या संत जॉन व्हियानीचे नाव घेईल, हे आम्ही जाणून आहोत. रोज बारा-बारा, सोळा-सोळा तास कुमसारात बसणाऱ्या त्या संताने कधी सुट्टी मागितली का, असा प्रश्न आमच्या तोंडावर फेकला जातो. फेकणाऱ्याने त्याचे चरित्र नीट वाचलेले नसते. १८१८ साली आर्सला आलेला हा धर्मगुरू तेथून एकाहून अधिक वेळा निघून जाऊ पाहत होता. १८४३ साली मोठ्या दुखण्यातून उठल्यावर तो रात्रीच आपल्या जन्मगावी, दार्दीयीला निघून गेला. लोक मागोमाग गेले आणि तो परत आला. १८५३ साली पुन्हा तसाच प्रयत्न झाला. लोकांनी त्याला अडविले. १८५९ साली त्याच आर्समध्ये त्याने देह ठेवला. आम्ही त्याच्या चरणांची धूळ आहोत. परंतु ज्याला ख्रिस्तसभेने धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचा आश्रयदाता मानले, त्यालाही हे ओझे असह्य होत होते. हा त्याच्या पावित्र्यावरचा डाग नव्हे. ती त्याच्या माणूसपणाची खूण आहे, आणि आपल्याला दिलेला इशाराही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पहाटे साडेपाचच्या लोकलने चर्चगेटला जाणारी, रात्री परतून स्वयंपाक करणारी, सासूचे दुखणे काढणारी आमची धर्मभगिनी विचारील, "फादर, आम्हाला कुठली विश्रांती?" तिच्यापुढे आमची मान खाली जाते. तिचे कष्ट आमच्याहून अधिक आहेत, हे निर्विवाद. परंतु तीच माउली रविवारी चर्चमध्ये येते तेव्हा तिला एक ताजा शब्द हवा असतो, कुमसारात तिला ऐकून घेणारा कान हवा असतो. पेंगुळलेला धर्मगुरू तिला काय देणार? आणि ती घरी गप्प बसली तर "आज तू गप्प का?" असे विचारणारे कुणीतरी बहुधा असते. आमचे गप्प बसणे लोकांना मोठे ध्यानमग्न वाटते.

ग्रंथ

१५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने प्रत्येक धर्मप्रांताने आपल्या भावी धर्मगुरूंसाठी सेमिनरी चालवावी असा आदेश दिला. त्यापूर्वीच्या अर्धशिक्षित धर्मगुरूंमुळे ख्रिस्तसभेने काय भोगले होते, हे इतिहास जाणतो. आज आपला उमेदवार दहा-बारा वर्षे सेमिनरीत काढतो, तत्त्वज्ञान शिकतो, ईशज्ञान शिकतो, बायबलचे भाष्य शिकतो. आणि मग? गुरुदीक्षा होते, हातात किल्ल्यांचा जुडगा पडतो आणि पुस्तक मिटते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९२ रोजी धर्मगुरूंच्या घडणीवर जो प्रबोध प्रसिद्ध केला, त्यात मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि पाळकीय अशा चार अंगांची ही घडण गुरुदीक्षेनंतरही आयुष्यभर चालू राहिली पाहिजे, असे आग्रहाने सांगितले. त्याला तीस वर्षे उलटून गेली. आपल्यापैकी किती धर्मग्रामांच्या वार्षिक अंदाजपत्रकात धर्मगुरूच्या ग्रंथांसाठी एक ओळ आहे? फटाक्यांसाठी आहे, बँडसाठी आहे, रोषणाईसाठी आहे.

प्रवचन कंटाळवाणे झाले, अशी तक्रार आम्ही ऐकतो आणि ती बहुतेक वेळा खरी असते. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली, आपल्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी, एका प्रबोधात प्रवचनाच्या तयारीवर अनेक पाने खर्ची घातली. तयारीविना उभा राहणारा प्रवचनकार अप्रामाणिक आणि बेजबाबदार ठरतो, इतक्या कडक शब्दांत त्यांनी आमची कानउघाडणी केली. ती आम्ही मान तुकवून स्वीकारतो. पण त्यांनी त्याच ठिकाणी हेही लिहिले की, अभ्यास, प्रार्थना आणि चिंतन यांसाठी दीर्घ वेळ राखून ठेवावा, मग इतर महत्त्वाच्या कामांना कमी वेळ मिळाला तरी चालेल. हे वाक्य आमच्यासाठी आहे तसे ते आपल्यासाठीही आहे. शुक्रवारी-शनिवारी धर्मगुरूच्या खोलीचे दार दोन तास बंद असेल, तर तो आपल्याला टाळत नाही. रविवारी आपल्या पानात काय वाढायचे, त्याची तो जुळवाजुळव करीत आहे.

ज्या भाषेत हे त्रैमासिक निघते, त्या भाषेवर तर एका वाचत्या, लिहित्या धर्मगुरूचे ऋण आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. परका मुलूख, परकी भाषा, डोक्यावर पाळकीय कामाचा भार. तरीही त्यांनी मराठीचा असा अभ्यास केला की, १६१६ साली रायतूरला छापलेल्या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ने कित्येक पिढ्यांच्या श्रद्धेला शब्द दिले. सणाच्या वर्गण्या गोळा करता करता हे पुराण लिहून झाले असते काय? आपल्याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे उदाहरण तर डोळ्यांसमोरचे आहे. अनेक वर्षे 'सुवार्ता'चे संपादन, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरणे, 'सुबोध बायबल', आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. आपण अभिमानाने त्यांचे नाव घेतो. मात्र पुढचा दिब्रिटो आज कुठल्या तरी धर्मग्रामात मांडवाच्या कापडाचा रंग ठरवीत बसला असेल, ही शंका आपल्या मनाला शिवत नाही.

सोबती

झगा आणि ग्रंथ पैशांनी मिळतात. सोबती मिळत नाही.

संत डेमियन १८७३ साली मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेले आणि १८८९ साली तेथेच त्याच रोगाने वारले. त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग आम्हाला नेहमी अस्वस्थ करतो. त्यांच्या संघाचे वरिष्ठ जहाजातून आले, पण त्यांना किनाऱ्यावर उतरण्याची मनाई होती. डेमियन होडीतून जहाजापाशी गेले आणि खालून, मोठ्या आवाजात, साऱ्यांदेखत त्यांनी आपले पापनिवेदन केले. कुष्ठरोगाला न भ्यालेल्या त्या वीराला एका बंधू-धर्मगुरूची उणीव मात्र सहन होत नव्हती. शरीराच्या यातनांपेक्षा त्यांना हा एकटेपणा अधिक बोचत होता, असे आम्हाला वाटते.

एक अनुभव सांगतो. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या दफनभूमीत एकेका दिवशी दोन-दोन, तीन-तीन दफनविधी होत होते. घरची चार माणसे लांब उभी असत. शवपेटीला कुणी हात लावू शकत नसे. ज्यांना आम्ही बाप्तिस्मा दिला होता अशांनाही मातीआड केले. रात्री परतल्यावर अंगावरचे कपडे दाराबाहेर भिजत घालून आम्ही एकटेच ताटावर बसत असू. साऱ्या धर्मग्रामाचे सांत्वन करायचे होते. आमचे कुणी करावे, हे आमच्याही ध्यानी आले नव्हते. एका रात्री सेमिनरीतल्या जुन्या सोबत्याचा फोन आला. त्याने उपदेश केला नाही, वचन वाचून दाखविले नाही. "आज किती?" एवढेच त्याने विचारले. आम्ही "तीन" म्हटले. पुढची दहा मिनिटे दोघेही फारसे बोललो नाही. दुसऱ्या दिवशी रिकाम्या चर्चमध्ये आम्ही मिस्सा अर्पण करू शकलो, ती त्या दहा मिनिटांच्या बळावर.

ब्रह्मचर्य हे देवासाठी आणि लोकांसाठी हृदय मोकळे ठेवण्याचे व्रत आहे. ते एकाकीपणाचे व्रत नव्हे. एकांत आणि एकाकीपणा यांत महदंतर आहे. एकांतात माणूस देवाशी बोलतो, एकाकीपणात तो स्वतःशीच बोलू लागतो आणि हळूहळू स्वतःचेच खरे मानू लागतो. मग कुणाला बाटली जवळची वाटते, कुणाला पैसा, कुणाला मोबाइलचा पडदा, कुणाला सत्ता. आणि काहींच्या हातून त्याहून भयंकर घडते. २० ऑगस्ट २०१८ रोजी देवाच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी अत्याचारांना नकार देणे म्हणजे धर्मगुरूशाहीच्या सर्व प्रकारांना ठाम नकार देणे, असे सांगितले. आम्ही त्यात आपल्या अनुभवाची भर घालतो: ज्या धर्मगुरूला कुणी मखरात बसवले आहे, ज्याला प्रश्न विचारणारे कुणी नाही आणि ज्याचे अश्रू पुसणारेही कुणी नाही, तो स्वतःला आणि दुबळ्यांना धोकादायक होऊ शकतो. म्हणून धर्मगुरूची काळजी घेणे म्हणजे त्याला पाठीशी घालणे नव्हे. त्याला जाब विचारणे हाही त्या काळजीचाच भाग आहे. चुकलेल्याला झाकणारा त्याचा मित्र नसतो, आणि पीडितांचा तर नसतोच नसतो.

आमचा दोष

इथवर वाचून आपल्याला वाटेल की, फादरांनी सारा दोष धर्मग्रामस्थांच्या माथी मारला. तसे नाही. मोठा दोष आमचा आहे.

कॅनन कायद्याचे ५३७ वे कलम प्रत्येक धर्मग्रामात अर्थ समिती असलीच पाहिजे असे सांगते. ती असते, वर्षातून एकदा भरते, चहा घेते आणि आम्ही तयार केलेल्या हिशेबावर सह्या करते. आपल्यात सनदी लेखापाल आहेत, अभियंते आहेत, निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. छपराचे काम त्यांच्यावर सोपवावे, तर आमचा हात किल्ल्यांवरून निघत नाही. ओझ्याखाली वाकल्याची तक्रार करायची आणि ओझे कुणी घ्यायला आले की ते छातीशी कवटाळायचे, हा आमचा जुना रोग. आपल्यावाचून पान हलत नाही, या भावनेची नशा दारूपेक्षा कमी नसते. प्रेषितांना मात्र ही नशा चढली नव्हती. अन्नवाटपाची तक्रार आली तेव्हा त्यांनी लोकांनाच सात जण निवडायला सांगितले आणि आपण प्रार्थना व वचनसेवा यांना वाहून घेतले. बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी आपला शिष्य असलेल्या पोप युजीन तिसरे यांना हाच इशारा दिला होता: कामाच्या रगाड्यात काळीज दगड होते, तू सर्वांचा झालास, मग त्या सर्वांत तू स्वतःही असू दे.

आम्ही एकमेकांचेही फारसे लागत नाही. प्रमुख धर्मगुरू आणि त्याचा तरुण सहायक एकाच टेबलावर बसून जेवतात. एकाच्या हाती वर्तमानपत्र, दुसऱ्याच्या हाती मोबाइल. मासिक चिंतनदिनाला आपण भेटतो, तेव्हा बदल्यांची चर्चा रंगते, "तू कसा आहेस?" हा प्रश्न पायरीवरच राहतो. आणि नम्रपणे आमच्या श्रेष्ठींनाही सांगावेसे वाटते: कॅनन कायद्याच्या ३८४ व्या कलमाने धर्मगुरूंची विशेष काळजी बिशपांवर सोपविली आहे, त्यांचे ऐकून घ्यायला सांगितले आहे. बदलीच्या कागदाआधी एक भेट झाली, तर तो कागद हलका होतो.

मग करायचे काय?

आम्ही नव्या समित्या मागत नाही. आठवड्यातून एक दिवस आपल्या धर्मगुरूला मोकळा द्या. त्या दिवशी कार्यालयाचा दूरध्वनी पाळकीय मंडळाच्या एखाद्या सभासदाने घ्यावा, आणि मरणासन्नाचे बोलावणे तेवढे पुढे पाठवावे. रोषणाईतून थोडे वाचवून दरवर्षी ग्रंथांसाठी रक्कम बाजूला काढा आणि वर्षअखेरीस फादरांना विचारा, काय वाचले? प्रवचन पोकळ झाले तर पाठीमागे न कुजबुजता कार्यालयात येऊन तोंडावर सांगा; चांगले झाले तर तेही सांगा. पन्नास पाहुण्यांच्या पंगतीत मुख्य खुर्ची देण्यापेक्षा एखाद्या साध्या बुधवारी आपल्या घरच्या ओट्यावर भाकरी-कालवण वाढा, जिथे भाषण करावे लागणार नाही. आणि जो धर्मगुरू हे सारे नाकारील, त्याचे ऐकू नका. आम्हीही पुष्कळ वर्षे नाकारले आहे.

हे सारे आमच्यापुरते राहू नये. आपल्या शाळा-दवाखान्यांतून आयुष्य वेचणाऱ्या धर्मभगिनींना तर शाल-श्रीफळही मिळत नाही. दर रविवारी मुलांपुढे उभा राहणारा धर्मशिक्षक आणि दफनभूमीत पावसात उभे राहून गाणारा गायकवृंद यांची विचारपूस आम्ही तरी केव्हा केली? जे आपल्याकडे मागतो, ते आपल्या सहकाऱ्यांना देण्यास आम्ही बांधलेले आहोत.

वाचकहो, पुढल्या लग्नाच्या मांडवात ते जुने वाक्य आपल्या ओठांवर आले, तर ते क्षणभर तिथेच थांबवा. त्याऐवजी फादरांना विचारा: झोप नीट लागते ना? सध्या काय वाचता? आणि मनातले बोलायला कुणी आहे ना? एवढे विचारून निघून जाऊ नका. खुर्ची जवळ ओढा आणि बसा. उत्तर यायला वेळ लागेल. आम्हाला या प्रश्नांची सवय नाही.